पुठ्ठ्याचा स्पेक्ट्रोस्कोप: फिल्म उत्तम, फट वाईट

घड्या घालून जोडायचे पुठ्ठ्याचे स्पेक्ट्रोस्कोप (प्रकाश रंगांत फोडून दाखवणारे डबे) विज्ञान प्रदर्शनांत आणि ऑनलाइन बऱ्याच नावांनी विकले जातात. आतला माल साधारण सारखाच असतो: कापलेला पुठ्ठा, ग्रेटिंगच्या (अतिबारीक समांतर रेघांनी प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या) फिल्मचा चौकोनी तुकडा, छापील मोजपट्टी आणि एक माहितीपत्रक. तारे कशाचे बनलेत हे इथं बसून कसं कळतं, असं विचारणाऱ्या नववीतल्या मुलाच्या किंवा त्याच्या आजोबांच्या हातात देण्यासारखी याहून स्वस्त वस्तू नाही. पण संच जसा येतो तसाच जोडला तर रंगांचा सुंदर पट्टा दिसतो आणि गाडी तिथेच अडते. प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक रंग शोषून घेतं आणि त्या जागी पट्ट्यात काळ्या रेषा उरतात. ज्या रेषांमध्ये उत्तर आहे, त्याच दिसत नाहीत.

याला कारण फट, म्हणजे डब्यात प्रकाश आत सोडणारी चीर. पुठ्ठ्यात डायने कापलेली फट बहुधा 1 मिमीच्या आसपास असते, तीही कडेला लव असलेली. डबा 15 सेमी लांब आणि फिल्म मिलिमीटरला 1000 रेघांची धरली, तर 1 मिमीच्या फटीतून प्रत्येक रेषा जवळजवळ 7 नॅनोमीटर फासली जाते (रंगाची तरंगलांबी या एककात मोजतात, दिसणारे रंग साधारण 400 ते 700 मध्ये येतात). तीच फट 0.2 मिमी केली की हा आकडा 1.3 वर येतो. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याच्या 577 आणि 579 नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषा मग वेगळ्या दिसू शकतात. सोडियमची जोडी (589.0 आणि 589.6) मात्र या डब्यात कधीच फुटणार नाही, तो हट्ट सोडावा.

दुरुस्ती सोपी आहे. दाढीच्या ब्लेडचे लांबीत दोन तुकडे करा (ब्लेड कागदात गुंडाळून, मोठ्या माणसानंच). मूळ फट थोडी रुंद कापून घ्या आणि तिच्यावर दोन्ही धारा समोरासमोर चिकटवा. अंतर राखायला मध्ये झेरॉक्सच्या कागदाची दुहेरी घडी धरा, ती साधारण 0.2 मिमी भरते. चिकटपट्टी घट्ट बसल्यावर कागद ओढून काढा. धारा समांतर नसतील तर रेषा एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला जाड दिसतात.

फिल्म लावण्याआधी तिच्यातून लांबच्या दिव्याकडे पाहा. रंग डावी-उजवीकडे पसरले तर फिल्म बरोबर धरली आहे. वर-खाली पसरले तर ती 90 अंशांत फिरवा. काहीच दिसत नाही म्हणून संच टाकून देणाऱ्यांनी आधी हे करून बघावं. फिल्मला बोट लावू नये आणि लागलंच तर पुसू नये, पुसल्यानं ठसा पसरतो आणि पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे खराब होतात. डब्याच्या कोपऱ्यांतून येणारा उजेड वायरमनच्या काळ्या टेपनं बंद करा.

मोजपट्टीवर विसंबू नका. रंगाची जागा तरंगलांबीच्या सरळ प्रमाणात सरकत नाही. 500 रेघांच्या फिल्मला समान अंतराच्या खुणा चालून जातात, मध्यभागी चूक 5 नॅनोमीटरच्या आतबाहेर राहते. 1000 रेघांच्या फिल्मवर मात्र तशाच खुणा असतील तर 550 चा हिरवा 522 वर वाचला जातो. म्हणून खुणा स्वतः कराव्यात. साध्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या 435.8 आणि 546.1 च्या रेषा ठळक असतात. तिसरी खूण गॅसच्या ज्योतीत मिठाच्या पाण्याचा थेंब धरून 589 वर करता येते. एलईडी या कामाला निरुपयोगी, त्यात निळा उंचवटा आणि पुढे सलग पट्टा असतो.

सूर्याकडे रोखून हा डबा कधीही धरू नये. फट लख्ख आकाशाकडे किंवा उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे करावी. 486 ला हायड्रोजनची, 517 च्या आसपास मॅग्नेशियमची, 589 ला सोडियमची काळी रेषा सापडते. रेषा आडव्या, म्हणजे रंगांच्या पसरण्याच्या दिशेनं दिसत असतील, तर ती फटीवरची धूळ आहे, सूर्य नव्हे. खऱ्या रेषा फटीला समांतर असतात.

संचांचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे माहितीपत्रक. ठळक रेषा म्हणजे ते मूलद्रव्य जास्त, असा समज त्यातून सहज होतो आणि तो चूक आहे. सूर्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे सोडियमचे जेमतेम दोन अणू आहेत, तरी त्याची रेषा ठसठशीत दिसते. हायड्रोजनला दृश्य प्रकाश शोषायला त्याचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या, म्हणजे तळापेक्षा वरच्या ऊर्जापातळीवर असावा लागतो आणि सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे 5800 केल्व्हिन तापमानाला असा अणू कोट्यवधींत एखादा. रेषेच्या ठळकपणात तापमानाचा वाटा किती, याचं गणित भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहांनी 1920 मध्ये मांडलं. त्याच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी 1925 मध्ये दाखवलं की ताऱ्यांत मुख्यतः हायड्रोजन आहे. या दोन नावांशिवाय हा प्रयोग समजावणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

हेलियमचंही तसंच. त्याची 587.6 ची पिवळी रेषा सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात काळी दिसत नाही, ती सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत चमकते, त्यामुळे या डब्यातून तिची अपेक्षा ठेवू नये. जाता जाता: इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी 1868 मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला, हे आपल्याकडे वारंवार छापलं जातं. त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते आणि ग्रहण नसताना, ऑक्टोबरमध्ये त्यांनी ती रेषा पाहिली. विजयदुर्गावर ते आले 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला.

खरेदीच्या वेळी फिल्मवर मिलिमीटरला किती रेघा हे छापलेलं नसेल तर संच घेऊ नका. 1000 ची फिल्म असेल तर फटीच्या बाजूला किमान 15 सेमी रुंदी हवी, नाहीतर लाल टोक भिंतीत जातं. अरुंद नळीसारख्या संचांत नेमकं हेच होतं. पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो आणि खुणा सरकतात, त्या पुन्हा तपासाव्यात. फिल्म सुटी मिळाली तर संच नकोच: 500 रेघांचा तुकडा आणि 30 सेमी लांबीचं बुटांचं खोकं घ्या, फट एका कोपऱ्याजवळ करा. 0.2 मिमीच्या फटीतून तेवढीच स्पष्टता मिळते आणि 400 ते 700 चा पट्टा फटीपासून 6 ते 11 सेमीच्या आत मावतो.