एअर रायफल की बीबी पिस्तूल? सांगलीत घेणाऱ्यासाठी

परवान्याशिवाय मिळणारं काहीतरी घ्यायचं ठरलं की शेवटी दोनच पर्याय उरतात: नळी खाली दुमडून छर्रा भरायची 4.5 मिमीची एअर रायफल, नाहीतर गॅसच्या छोट्या कुपीवर चालणारं, स्टीलच्या गोळ्यांचं बीबी पिस्तूल. दोन्ही मी बऱ्यापैकी वापरली आहेत.

कायद्याच्या बाजूनं दोघांत फारसा फरक नाही. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे ऊर्जा 20 ज्यूलच्या वर किंवा बोअर (नळीचा आतला व्यास) 4.5 मिमीच्या वर गेला तर परवाना लागतो. 6 मिमीच्या प्लास्टिक गोळ्यांच्या एअरसॉफ्ट बंदुका खेळणी म्हणून विकल्या जातात खऱ्या, पण बोअरची अट शब्दशः वाचली तर त्या मर्यादेबाहेर जातात. म्हणून त्या मी विचारातच घेतल्या नाहीत.

हातात घेऊन पाहिलं तर पिस्तुलाची मजा वेगळीच. भराभर चालतं, दर वेळी नळी दुमडावी लागत नाही, आणि आठ-दहा पावलांवरचे डबे पाडायला झकास. पण त्याची नळी आतून गुळगुळीत असते आणि स्टीलची गोळी कडक लाकडावर आपटली की उलटी येते. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय कुणालाही जवळ उभं करू नका. रायफलीचा शिशाचा छर्रा मऊ, नळीतल्या आट्यांमुळे फिरत जाणारा; माझ्या गच्चीवर तरी तो सांगितल्या जागी जास्त वेळा बसला.

माझा निर्णय मात्र रस्त्यावर झाला. मित्राचं बीबी पिस्तूल बॅगेत घेऊन विश्रामबागहून तासगावकडे निघालो होतो. गणपतीचे दिवस, रस्त्यात नाकाबंदी. बॅग उघडली आणि हवालदारांचा चेहराच बदलला. ते चुकले असं मी म्हणणार नाही. काळं, धातूचं, वजनदार. दोन हातांवरून खरं की खोटं हे मलाही सांगता आलं नसतं. पावती मित्राच्या घरी. ती फोनवर येईपर्यंत मला बाजूला थांबवून ठेवलं. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाईहुकूम निघतात, आणि त्यात फक्त परवान्याच्या बंदुका येतात असं नाही. अशा काळात तर दोन्ही घरीच ठेवावीत. इतर वेळी मात्र लांब पिशवीतली लाकडी दस्त्याची रायफल लोकांना लगेच ओळखू येते, आणि बोलणं दोन वाक्यांत संपतं. पिस्तुलाचं तसं होत नाही. कुणी ते रागाच्या भरात दुसऱ्यावर रोखलं, तर ‘खोटं होतं’ म्हणून धमकीचा गुन्हा टळत नाही.

शेतातल्या पाखरांसाठी घेणार असाल, तर दोन्ही नकोत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये नुसती जखम करणं किंवा तसा प्रयत्नही शिकारीतच मोजला जातो. द्राक्षबागेत पोपट उतरले म्हणून जाळी लावावी, छर्रा नव्हे.

मुलांना नेमबाजीकडे वळवायचं असेल तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही. ऑलिंपिकमधली 10 मीटरची एअर रायफल 4.5 मिमीचीच, आणि अभिनव बिंद्रानं 2008 ला बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकलं ते त्याच प्रकारात. घरच्या साध्या रायफलीवर घेतलेला श्वास आणि खांद्याची बैठक पुढे क्लबात उपयोगी पडते. ज्यांच्याकडे कुंपणाची बंद जागा आहे आणि जे ते पिस्तूल बाहेर नेणारच नाहीत, त्यांनी ते खुशाल घ्यावं.

काहीही घ्या, दुकानदार ओळखपत्राची प्रत मागेल ती द्या, आणि पावतीवर बोअर व ज्यूलचा आकडा लिहून घ्या. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा.