बेसमेंटच्या कोब्यावर इंजिनीअर्ड वुड: चिकटवायचं, तरंगतं ठेवायचं की खाली पॅनेल घालायचं?

न्यू जर्सीत जुनं घर घेतलं की एक-दोन वर्षांत बेसमेंटमध्ये लाकडी फ्लोरिंगचा विषय निघतोच. अखंड लाकडाच्या फळ्या तिथे घालूच नयेत. ओलीने फुगून त्यांच्या कडा वर येतात. इंजिनीअर्ड फळीत वर 2 ते 4 मिलिमीटर खरं लाकूड आणि खाली बहुधा प्लायवूड असतं, म्हणून ती कमी हलते. पण हलते.

म्हणून आधी ओल बघा. आम्ही कोब्यावर दोन ठिकाणी दोन फूट बाय दोन फूट पॉलिथिनचे तुकडे चारही कडांना टेप लावून चिकटवले. दोन दिवसांनी उचलले, तर मधोमधचा कोरडा, पण बाहेरच्या भिंतीलगतच्या तुकड्याला आतून दव आणि खालचं काँक्रीट काळपट. पॉलिथिन कोरडं निघालं तरी निर्धास्त होऊ नका, कारण ओल कोब्याच्या पोटात असते. खरी चाचणी म्हणजे कोब्याच्या जाडीच्या 40 टक्के खोल भोकं पाडून त्यात प्रोब (आर्द्रता मोजणारी नळी) ठेवणं आणि 24 तासांनी आर्द्रता मोजणं. तो आकडा फळीच्या आणि गोंदाच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा.

गोंदाने थेट चिकटवलेलं फ्लोरिंग पायाला सर्वात छान लागतं. घट्ट, आवाज नाही, उंचीही फारशी जात नाही. पण कोबा सपाट हवा, साधारण 10 फुटांत 3/16 इंचापेक्षा जास्त चढउतार नको, आणि ओल रोखणारा थर हवाच. जुन्या 9 इंची टाइल्सखाली काळा गोंद दिसला तर खरवडू नका. टाइलमध्ये आणि गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं, आधी तपासून घ्या. माझी खरी हरकत वेगळी आहे. पाणी शिरलं की हे फ्लोरिंग उखडताना फळीचे तुकडेच होतात. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या पावसाने इथली किती बेसमेंट भरली, ते आठवून बघा.

तरंगत्या पद्धतीत काहीच कोब्याला चिकटवत नाहीत: खाली 6 मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं पॉलिथिन, त्यावर फोम आणि वर एकमेकांत अडकणाऱ्या फळ्या. पॉलिथिनचे जोड एकावर एक घेऊन टेप करायचे, भिंतीलगत सुमारे अर्धा इंच जागा सोडायची. चालताना थोडं पोकळ वाजतं, हे खरं. पण आमचा वॉटर हीटर गळला तेव्हा भिंतीकडून आठ ओळी सोडवल्या, खालचं कोरडं केलं आणि फुगलेल्या चार फळ्या तेवढ्या बदलल्या. चिकटवलेलं असतं तर हे एका शनिवारात झालं नसतं.

तिसरा मार्ग म्हणजे खाली प्लास्टिकचे उंचवटे असलेले पॅनेल किंवा प्लायवूड. थंडीत पाय गारठत नाहीत, हे मोठं सुख. पण उंची एखाद इंच जाते. छत आधीच सात फुटांच्या आसपास असेल तर ते जाणवतं आणि जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा ठेंगणी होते, तिथे वयस्कर माणसं ठेचकाळतात.

आमच्यासारखं कोरडं पण थोडं संशयास्पद बेसमेंट असेल तर तरंगतंच घ्या. छत उंच असेल आणि मुलं खाली जमिनीवर खेळणार असतील तर पॅनेलचा खर्च करा. चिकटवायचं ते आकडे चांगले आले आणि घरात कधीच पाणी आलं नसेल तरच. दर पावसाळी वादळात कोपरा ओला होत असेल, तर आधी छपराच्या पन्हळीचं पाणी घरापासून लांब सोडा, संप पंप (बेसमेंटच्या खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) बघा आणि सध्या टाइलवर भागवा. लाकूड घातल्यावर उन्हाळाभर डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालू ठेवून खोलीतली आर्द्रता 35 ते 55 टक्क्यांत राखावी लागते. विजेच्या बिलात ते आधीच धरा.