एल्कची शिकार दोघांनी: सप्टेंबरचं धनुष्य की ऑक्टोबरची रायफल?

कोलोरॅडोत स्थिरावलेले, डोंगरात रमणारे आणि आता शिकारीकडे वळू पाहणारे मराठी लोक भेटले की बोलणं हमखास एका प्रश्नावर येतं. पहिल्यांदा एल्कसाठी, म्हणजे इथल्या मोठ्या हरणासाठी, जायचं तर सप्टेंबरात धनुष्यबाण घेऊन जावं, की ऑक्टोबरात रायफल घेऊन? मग चर्चा रंगते ती हत्यारांची. धनुष्य किती पौंडांचं, रायफल कुठली, स्कोप कुठला. दोघं जाणार असाल तर माझं सांगणं असं, की आधी सोबत्याकडे बघा आणि मग हंगाम ठरवा. सप्टेंबरात दोघांना मिळून एकच शिकारी व्हावं लागतं. ऑक्टोबरात दोघं आपापली शिकार करतात आणि प्राणी पडल्यावर ओझं वाहायला एकत्र येतात. तुम्हा दोघांना यातलं काय जमेल, यावर बाकीचं बरंचसं ठरतं.

ज्यांनी एल्क फक्त रॉकी माउंटन नॅशनल पार्कशेजारच्या एस्टेस पार्क गावाच्या रस्त्यावर गाडीतून पाहिलाय, त्यांनी ते चित्र बाजूला ठेवावं. नॅशनल पार्कात शिकारीला बंदी आहे, तिथले एल्क माणसाला सरावलेले असतात. फ्लॅट टॉप्स किंवा सॅन हुआनच्या जंगलातल्या एल्कला माणसाचा नुसता वास आला, तरी तो दरी ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जातो. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे आपल्या मोठ्यात मोठ्या सांबराच्या तोडीचा. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा कोलोरॅडोत एल्क जास्त आहेत, पावणेतीन-तीन लाखांच्या घरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे इथे जेमतेम हजारभर उरले होते, मग वायोमिंगमधून एल्क आणून सोडावे लागले. आज लायसन्सचे पैसे आणि 1937 च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवर लागणारा कर यांतूनच वन्यजीव खात्याचं बरंचसं काम चालतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरच्या भारतात वाढलेल्या आपल्यासारख्यांना शिकार आणि संवर्धन एका वाक्यात ऐकायची सवय नसते. इथली ही व्यवस्था नीट समजून घेतल्याशिवाय डोंगरात पाऊल टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

सप्टेंबर: एक हाक घालणार, एक बाण सोडणार

धनुष्याचा हंगाम साधारण पूर्ण सप्टेंबरभर चालतो आणि त्याच महिन्यात एल्क माजावर येतात. नराची ती लांबलचक, चढत जाणारी शिट्टी, इथले लोक जिला ब्यूगल म्हणतात, पहाटे स्प्रूसच्या जंगलातून ऐकू आली की अंगावर काटा येतो. नर ओरडून आपली जागा सांगतो, उत्तर दिलं तर कधीकधी चालून येतो. दोघांच्या जोडीला याचा जितका फायदा होतो तितका एकट्याला कधीच होत नाही.

रचना अशी. हाक घालणारा मागे बसतो, तीर मारणारा त्याच्या चाळीस-साठ यार्ड पुढे. नर आवाजाच्या रोखाने येतो, नजर मागच्याच्या जागेवर असते आणि पुढचा त्याच्या लक्षात येत नाही. पण तो सरळ येईलच असं नाही. बरेचदा तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो आणि वास घेऊन खात्री करू पाहतो. म्हणून पुढच्याने सरळ रेषेत न बसता त्याच वळशाच्या वाटेवर बसायचं, आणि झुडपाच्या मागे न लपता झुडपाच्या पुढे, म्हणजे धनुष्य ताणायला जागा राहते.

डोंगरातला वारा इथे सगळं ठरवतो. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर जाऊ लागते. मधल्या तासाभरात ती कशीही फिरते. त्या वेळात हाक न घालता गप्प बसून राहणारा सोबती मिळाला तर तुमचं निम्मं काम झालं.

हाक घालणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. नर आला, बाण सुटला, हे त्याला आवाजावरून कळतं. दिवसभर दुसऱ्यासाठी मादीचा आवाज काढत बसायचं आणि त्यात आनंद मानायचा, हे सगळ्यांना जमत नाही, आणि न जमण्यात कमीपणाही नाही. पण सोबती असा नसेल तर सप्टेंबर त्याच्यासाठी तीन दिवसांत कंटाळवाणा होईल आणि चौथ्या दिवशी तुमच्यासाठीही. आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ जागा बदलतो. कोण पुढे बसणार हे तंबूतून निघतानाच ठरलेलं असतं, नर ओरडायला लागल्यावर त्यावर बोलायला वेळ नसतो.

आता सरावाचं. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान 35 पौंडांचं, म्हणजे ताणायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य चालतं, बाणाच्या पात्याची रुंदी किमान पाऊण इंचाहून थोडी जास्त, 7/8 इंच, लागते. क्रॉसबो या हंगामात चालत नाही. कायद्याचं किमान आणि माणुसकीचं किमान यांत मात्र फरक आहे. बाण रक्तस्रावाने मारतो, म्हणून तो फुप्फुसांतूनच जायला हवा. त्यासाठी महिनोन् महिने, आठवड्यातले बरेच दिवस सराव हवा, आणि डोंगरात धाप लागलेली असताना 30-40 यार्डांपलीकडे बाण सोडू नये. बाण लागल्यावर किमान अर्धा तास जागचं हलायचं नाही, पोटाकडे लागल्याची शंका असेल तर काही तास. मग एकाने शेवटच्या रक्ताच्या थेंबापाशी उभं राहायचं आणि दुसऱ्याने पुढचा थेंब शोधायचा. हे काम एकट्याने करणं फार कठीण.

ऑक्टोबर: दोन कडे, दोन दुर्बिणी

रायफलचे चार हंगाम असतात. पहिला ऑक्टोबरच्या मध्यावर, पाच दिवसांचा, आणि त्याचं लायसन्स ड्रॉमध्येच, म्हणजे सोडतीतच मिळतं. दुसरा ऑक्टोबर-अखेरीस सुरू होतो, तिसरा नोव्हेंबरात. या दोन्हींसाठी बऱ्याच युनिट्समध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागांमध्ये, नराचं लायसन्स थेट विकत मिळतं. त्यामुळे नवखी जोडी बहुधा दुसऱ्या हंगामात जाते, आणि गर्दीही तेव्हाच सर्वात जास्त असते.

माज ओसरलेला असतो. थकलेले नर कळपापासून वेगळे होऊन दाट, उभ्या उतारांच्या जंगलात पडून राहतात, ओरडणं जवळपास थांबतं. हाकेला अर्थ उरत नाही. कामाला येतात डोळे. पहाटे अंधारात एकाने एका कड्यावर आणि दुसऱ्याने समोरच्या कड्यावर बसायचं आणि उजाडताना कुरणांच्या कडा दुर्बिणीने इंच इंच पाहायच्या. कायद्याने शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत, आणि पहिली-शेवटची वीस मिनिटं बहुतेक वेळा निर्णायक असतात. मधला दिवस थंडीत, एकट्याने, काहीही न दिसता जातो. ज्याला एकांत मानवतो आणि ज्याला शिस्तीत बसता येतं, त्याच्यासाठी हा हंगाम आहे.

शिस्तीचा प्रश्न जिवाचा आहे. कमरेच्या वर किमान 500 चौरस इंच चमकदार भगवा किंवा गुलाबी रंग आणि सगळ्या बाजूंनी दिसेल अशी त्याच रंगाची टोपी, हे कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून मोठा नियम तुमचा दोघांचा: कोण कुठल्या खोऱ्यात आहे, किती वाजेपर्यंत तिथून हलणार नाही आणि कुठल्या दिशेला गोळी झाडायची नाही, हे आदल्या रात्री नकाशावर ठरवायचं आणि मोडायचं नाही. धारेवर उभ्या असलेल्या प्राण्यावर गोळी झाडू नये, पलीकडे काय आहे ते दिसत नसतं. सोबती उत्साहाच्या भरात जागा बदलणारा असेल तर त्याच्याबरोबर रायफलच्या हंगामात जाऊ नका. मैत्री कितीही जुनी असो.

रायफलचा सराव तुलनेने लवकर होतो. किमान .24 कॅलिबर आणि 85 ग्रेनची गोळी हवी. चेरी क्रीक स्टेट पार्कमधल्या रेंजसारख्या ठिकाणी उन्हाळ्यातल्या काही शनिवार-रविवारी जाऊन, बसून आणि गुडघ्यावरून मारायला शिकलात तर 200 यार्डांपर्यंत खात्रीने मारता येतं. यशाचं प्रमाणही थोडं जास्त आहे. धनुष्याने साधारण दहातल्या एकाला एल्क मिळतो, रायफलने पाचातल्या एकाला. दोन्हीकडे बहुतेक लोक रिकाम्या हाताने परततात, हे मनाशी आधीच ठरवून निघावं.

व्हिसावर असाल तर

यावर आपल्या लोकांत फार कमी बोललं जातं. एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असलेल्याला त्यातून सूट मिळते. म्हणजे रायफलचा रस्ता बंद नाही, पण लायसन्स आधी, रायफल नंतर, हा क्रम चुकवून चालत नाही. मित्राची रायफल रेंजवर नुसती हातात घेणं हेही बाळगणंच धरलं जातं. इमिग्रेशनचा अर्ज प्रलंबित असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय हालचाल करू नका. साधं धनुष्य या कायद्यात बंदूक ठरत नाही, त्यामुळे दोघांपैकी एक जण व्हिसावर असेल तर सप्टेंबरचं पारडं बरंच जड होतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही.

उंची, हवा, मांस

डेन्व्हर 1,609 मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई 1,646 मीटरवर. म्हणजे इथे आपण रोज जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर राहतो. एल्क मात्र सप्टेंबरात 3,000 ते 3,500 मीटरवर असतात. सह्याद्रीत पाय कितीही घडलेले असोत, त्या उंचीवर पहिले दोन दिवस डोकं दुखतं, झोप लागत नाही. डोंगराखाली एक रात्र काढून मगच वर चढावं. तिथे पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे साधी डाळ शिजत नाही. पिठल्याचं पीठ, मेतकूट, भाजलेला रवा घेऊन जा. सप्टेंबरात दुपारच्या विजांची भीती असते, बारा वाजायच्या आत उघड्या धारेवरून खाली यावं. ऑक्टोबरात बर्फ आणि रात्रीची गोठवणारी थंडी असते, आणि एका रात्रीच्या बर्फात कच्चा रस्ता बंद होऊन गाडी वर अडकू शकते.

मांसाच्या बाबतीत ऑक्टोबर स्पष्टपणे सोपा आहे. खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा कोलोरॅडोत गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तसं करणं अक्षम्यच. हाडं काढल्यावर मोठ्या नराचं 80 ते 110 किलो मांस निघतं, माणसाच्या पाठीवरच्या चार-पाच खेपा. ऑक्टोबरात फरे, म्हणजे मांड्या-खांद्यांचे मोठे तुकडे, झाडाच्या सावलीत टांगून ठेवले तर थंडीच ते सांभाळते. सप्टेंबरात दुपारी वीस-बावीस अंशांचं ऊन, माश्या, आणि मागच्या फऱ्याच्या सांध्यापाशी हाडालगतचं मांस सर्वांत आधी आंबतं. संध्याकाळी नर पडला तर कातडं काढून फरे सुटे करणं त्याच रात्री, हेडलॅम्पच्या उजेडात उरकायचं. इथे थकून झोपी जाणारा सोबती उपयोगाचा नाही.

विल्डरनेस, म्हणजे वाहनांना बंदी असलेल्या राखीव जंगलात, चाकाची साधी हातगाडीसुद्धा चालत नाही. घोड्यांची सोय करणारे परवानाधारक आउटफिटर मांस खाली आणून देतात, पण त्यांच्याशी आधी बोलून ठेवावं लागतं. ती सोय नसेल तर दोघांनी गाडीपासून चार किलोमीटरच्या पलीकडे एल्क मारू नये, हंगाम कुठलाही असो. हरणवर्गातल्या सीडब्ल्यूडी या जीवघेण्या रोगाची तपासणी दोन्ही हंगामांत करून घ्या. हा रोग पहिल्यांदा 1967 मध्ये इथल्याच फोर्ट कॉलिन्सला दिसला होता.

मग कुठला?

दोघांना मार्चपासून नियमित सराव जमणार असेल, एकाला तरी हाक शिकायची हौस असेल आणि एल्क मिळाला नाही तरी तो महिना डोंगरात ऐकण्यात घालवणं सार्थकी वाटणार असेल, तर बिनधास्त सप्टेंबर. मला स्वतःला तोच प्रिय आहे. पण बहुतेक नोकरदार, लहान मुलं असलेल्या जोड्यांना मी ऑक्टोबरचा पहिला हंगाम सांगते, तोही शक्य असेल तर मादीच्या लायसन्सवर. पाच दिवसांची रजा पुरते, गर्दी कमी असते, मांस टिकतं, आणि बहुतेक युनिट्समध्ये नराच्या शिंगाला नियमाप्रमाणे चार टोकं आहेत का हे अंधुक उजेडात मोजायची वेळ येत नाही. अर्धवट सरावाच्या बाणाने जखमी होऊन निसटलेल्या एल्कपेक्षा नीट बसलेली एक गोळी कधीही बरी.

सहा महिन्यांपेक्षा जास्त सलग कोलोरॅडोत राहिलेल्याला लायसन्स साठ-सत्तर डॉलरला पडतं, बाहेरच्याला आठशेच्या आसपास. 2025 पासून बाहेरच्या राज्यातल्यांना आय-25 महामार्गाच्या पश्चिमेला धनुष्याचं लायसन्सही ड्रॉशिवाय मिळत नाही, तेव्हा सोबती टेक्सास किंवा न्यू जर्सीहून येणार असेल तर हे आधी त्याच्या कानावर घाला. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला अर्जाआधी हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. ड्रॉचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या मंगळवारपर्यंत करायचा असतो. तो दोघांनी ग्रुप म्हणून भरा: मिळालं तर दोघांना मिळतं, नाहीतर कुणालाच नाही. मात्र ग्रुपला गुण (ड्रॉमध्ये नंबर न लागलेल्या वर्षांत साठणारे, पुढे प्राधान्य देणारे) धरले जातात ते दोघांपैकी ज्याचे कमी त्याचे, त्यामुळे एकाने बरीच वर्षं गुण साठवले असतील तर सही करण्याआधी दोघांनी एकदा मोकळेपणाने बोलून घ्या.