ब्रंटन घाटणीचा कंपास: स्पितीतल्या सहा आठवड्यांनंतर

माझं मास्टर्स दख्खनच्या बेसाल्टात झालं. तिथे लाव्हाचे थर एकावर एक जवळजवळ आडवे पडलेले, स्ट्राइक-डिप, म्हणजे थर कोणत्या दिशेला पसरलाय आणि किती अंशांनी कललाय, हे मोजायची वेळ क्वचितच यायची, आणि मोजायला गेलंच तर खडकातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई भलतीकडेच वळायची. त्यामुळे कंपास ही माझ्या लेखी सॅकमधली शोभेची वस्तू होती. पीएचडीच्या निमित्ताने हिमाचलातल्या स्पितीत, पिन नदीच्या खोऱ्यात भूशास्त्रीय नकाशा करायला गेले आणि मत बदललं.

हे शीत वाळवंट आहे. पावसाळी ढग पीर पंजालच्या पलीकडेच रिकामे होतात, त्यामुळे इथे झाड नाही, गवत जेमतेम, डोंगर सोलून ठेवल्यासारखे. मुड गावातून वर बघितलं की पांढऱ्या क्वार्ट्झाइटचा (गारगोटीसारख्या कठीण खडकाचा) पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. हाच तो मुथ क्वार्ट्झाइट. मुथ म्हणजे हेच मुड, जुन्या स्पेलिंगमधलं. भूशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टॉलिचकाने 1860च्या दशकात इथल्या थरांना ही नावं पाडली, त्याच्यानंतरचा भूशास्त्रज्ञ हेडन, त्याचा स्पितीवरचा ग्रंथ 1904चा. आजही प्रत्येक जण आपला थर त्यांच्या थरांशी ताडून बघतो.

आता वस्तूकडे. ब्रंटन हा कोलोरॅडोतला खाण अभियंता, त्याचं पेटंट 1894चं. रचना आजही बरीचशी तीच. माझा कंपास त्या घाटणीचा, दुसऱ्या एका कंपनीचा. कडा थराच्या पृष्ठभागाला टेकवायची, पातळी दाखवणारा गोल बुडबुडा मध्यावर आणायचा, सुई वाचायची: स्ट्राइक मिळाला. मग तोच कंपास थरावर कडेवर उभा धरून मागची कळ फिरवायची, नळीतला बुडबुडा मधोमध आला की डिप. डायलवर पूर्व-पश्चिम उलटे छापलेले असतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला वाटतं, माल सदोष आला. तसं नाही. सुई जागेवर राहते आणि फिरतं ते डबडं, म्हणून उलटं छापलं की आकडा सरळ वाचता येतो. स्पितीत दिक्पात, म्हणजे सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक, दोन-तीन अंशांचाच, तो एकदा लावला की विसरायचा.

तरी पहिले तीन दिवस मी तो बाहेर काढलाच नाही, कारण फोनमध्ये हेच मोजणारं ॲप होतं. फोन खडकावर ठेवायचा, बटण दाबायचं, स्ट्राइक, डिप, जीपीएस, फोटो, सगळं एकदम. कंपासवर दोन मिनिटं लागतात तिथे इथे पाच सेकंद. दिवसाला साठ-सत्तर रीडिंग झाली की मी स्वतःवर खूश. तिसऱ्या रात्री टोपोशीटवर (चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर) खुणा मांडल्या आणि सरांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "तुझा क्वार्ट्झाइट डोंगर सोडून कुठे निघालाय?" पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे जातो, हे खिडकीतूनही दिसत होतं. माझ्या खुणा सरळ उत्तर-दक्षिण.

दोष फोनच्या कव्हरचा निघाला. ते बंद करायला त्यात चुंबक होतं. गंमत म्हणजे डिप सगळे बरोबर होते, कारण ते गुरुत्वाकर्षणावर मोजले जातात. दिशा तेवढी बिघडली. आणि ॲप तो चुकीचा आकडाही दशांशापर्यंत, 'बरोबर'च्या हिरव्या खुणेसकट दाखवत होतं. कंपासजवळ हातोडा आला तर सुई डोळ्यांदेखत हलते, आपण हातोडा बाजूला ठेवतो. पावणेचार हजार मीटरच्या वर तो सगळा उतार मी दोन दिवस पुन्हा चढले, धापा टाकत.

कंपासच्या तक्रारीही आहेत. किंमत पाच आकडी. झाकणातल्या आरशाची बिजागरी चौथ्या आठवड्यात सैल पडली, मी तिच्याखाली कागदाची घडी सरकवून काम भागवलं. कातडी पाकिटाचं बटण बोटांत मोजे असताना उघडत नाही, आणि दुपारचा वारा सुटला की मोजे काढवत नाहीत. नवीन घेणाऱ्यांनी सुईवरची बारीक तांब्याची तार नीट बघून घ्यावी. सुई आडवी राहावी म्हणून ते वजन असतं आणि ते अक्षांशाप्रमाणे सरकवावं लागतं. माझ्या सुईचं टोक काचेला घासत होतं, काच उघडून तार सरकवण्यात एक सकाळ गेली.

ॲप मी काढून टाकलं नाही. फोटो आणि जीपीएससाठी ते उत्तमच. दर सकाळी पहिली पाच रीडिंग दोन्हींवर घ्यायची आणि जुळली तरच पुढे ॲप वापरायचं, असं आता ठरवलंय. ते कव्हर घरमालकिणीच्या धाकट्या मुलाने मागून घेतलं. निघाले त्या दिवशी ते त्यांच्या पत्र्याच्या पेटीला घट्ट चिकटलेलं होतं.