कमी उंचीच्या मुलांसाठीची ‘क्वॉलिसी’ प्रश्नावली: एक परीक्षण

उंची कमी म्हणून मुलाला संप्रेरकतज्ज्ञाकडे नेले की त्याची उंची काटेकोरपणे मोजली जाते, डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढले जाते आणि वाढतक्त्यावर एक ठिपका उमटतो. त्या मुलाचे शाळेतले, मैदानावरचे आणि घरातले दिवस कसे जातात, हे मात्र बहुतेक वेळा आईवडिलांच्या बोलण्यावरून ताडावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी हॅम्बुर्ग येथील मोनिका बुलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्वॉलिसी’ ही जीवनगुणवत्ता मोजणारी प्रश्नावली तयार केली आणि तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, स्वीडन आणि ब्रिटन या पाचही देशांत मुलांशी व पालकांशी गटचर्चा करून प्रश्न एकाच वेळी जमवले गेले, त्यामुळे ते तज्ज्ञांच्या टेबलावर सुचलेले वाटत नाहीत.

आठ ते अठरा वर्षांची मुले ही प्रश्नावली स्वतः भरतात, तर पालकांची आवृत्ती चार वर्षांच्या मुलापासून वापरता येते. शारीरिक, सामाजिक आणि भावनिक असे तीन मुख्य विभाग आहेत. त्यांच्या जोडीला उंचीविषयीच्या समजुती, परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या रीती आणि उपचारांचा अनुभव यांचेही प्रश्न आहेत. पालकांना याखेरीज मुलाच्या भवितव्याची काळजी आणि स्वतःवर पडणारा ताण यांविषयी विचारले जाते. गुण शून्य ते शंभर या पट्टीवर मांडतात आणि जितके अधिक तितके चांगले. फळीवरची वस्तू हाताला न लागणे किंवा वयापेक्षा लहान समजून वागवले जाणे यांसारख्या बाबी सर्वसाधारण प्रश्नावल्यांत सापडत नाहीत. इथे त्यांना हक्काची जागा आहे, आणि हेच या साधनाचे खरे बळ आहे.

माझा मुख्य आक्षेपही याच बळातून निघतो. प्रश्न कमी उंचीभोवतीच गुंफलेले असल्यामुळे सरासरी उंचीच्या मुलाला ते लागूच पडत नाहीत, म्हणून साठ गुण मिळवणारे मूल वर्गातल्या इतरांपेक्षा दुःखी आहे की नाही, हे क्वॉलिसी सांगू शकत नाही. शिवाय ती ज्यांच्यावर पारखली गेली ती मुले दवाखान्यापर्यंत पोहोचलेली होती. दवाखान्यात न आलेल्या मुलांचे चित्र वेगळे असू शकते: इंग्लंडमधील वेसेक्स वाढ-अभ्यासात शाळाप्रवेशाच्या वेळी उंचीने तिसऱ्या शतमकाखाली, म्हणजे शंभरांतल्या सर्वांत बुटक्या तिघांत मोडणाऱ्या, निरोगी मुलांचा माग घेतला गेला, तेव्हा आपण अधिक उंच असावे अशी इच्छा त्यांच्यात आढळली, पण स्वाभिमानात लक्षणीय उणेपणा आढळला नाही. (क्वॉलिसी प्रकल्पाला अर्थसाहाय्य फायझरचे, म्हणजे उंची वाढवण्यासाठी दिले जाणारे ग्रोथ हॉर्मोन विकणाऱ्या कंपनीचे होते. त्यामुळे मोजमाप खोटे ठरत नाही, परंतु निष्कर्ष वाचताना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.)

हा मुद्दा नुसता तात्त्विक नाही. कारण सापडत नसलेल्या कमी उंचीसाठी ग्रोथ हॉर्मोन देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये मान्यता दिली. निरोगी मुलाला वर्षानुवर्षे इंजेक्शने द्यायची, तर काही सेंटिमीटर वाढल्याने त्याचे जगणे सुधारते काय, हा प्रश्न अटळ आहे. अकाँड्रोप्लेझिया या हाडांची वाढ खुंटवणाऱ्या जन्मजात विकारावरील व्होसोरिटाइड या औषधाच्या चाचणीतही क्वॉलिसी वापरली गेली. बावन्न आठवड्यांत वाढीचा वेग वर्षाला सुमारे दीड सेंटिमीटरने अधिक भरला, तरी जीवनगुणवत्तेत तितक्या काळात ठळक फरक दिसला नाही. उंची आणि समाधान यांची चाल एकाच गतीची नसते, हे आकड्यांत पकडता आले, हे मी या साधनाचे श्रेय मानतो.

उपचारांखालील एकाच मुलातला बदल पाहायचा असेल, तर क्वॉलिसी जरूर वापरावी. समवयस्कांशी तुलना हवी असल्यास ‘किडस्क्रीन’सारखी सर्वसाधारण प्रश्नावली सोबत भरून घ्यावी. केवळ गुण कमी आले म्हणून इंजेक्शन सुरू करण्याचे समर्थन मात्र मला पटत नाही, कारण चिडवण्याने खचलेल्या मुलाला शाळेत मदत मिळणे अधिक निकडीचे असू शकते. मूल आणि पालक यांच्या उत्तरांतली तफावत एकूण गुणांइतकीच बारकाईने वाचावी, आणि ती शुद्ध मिळावी म्हणून दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्नावली भरून घ्यावी. आई शेजारी असली की बरीच मुले तिच्याकडे पाहूनच खूण करतात.