सल्फर आयसोटोप लॅबचा रिव्ह्यू: शिसं-जस्ताच्या खनिजांसाठी

स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड खनिज) आणि गॅलिना (शिशाचं सल्फाइड खनिज) कुठल्या तापमानाला तयार झाले ते काढायचं होतं म्हणून या लॅबला सॅम्पल दिले, काम खरंच मनापासून करतात. मायक्रोस्कोपखाली एकेक दाणा वेगळा करून देतात, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण गॅलिनात थोडं जरी स्फॅलेराइट राहिलं तरी दोघांतला डेल्टा ३४ सल्फरचा (म्हणजे जड आणि हलक्या सल्फरच्या प्रमाणाचा) फरक कमी दिसतो, आणि फरक जितका कमी तितकं तापमान जास्त असं गणित असल्यामुळे तापमान उगाच जास्त येतं. फरक २.२ पर मिल (हजारात २.२ भाग) असेल तर ओहमोटो-राय या संशोधकांच्या सूत्राने साधारण ३०० डिग्री सेल्सियस येतं, पण फरकात ०.२ इकडचं तिकडे झालं की २५-३० डिग्री हलतात! त्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये आयएईए-एस-१ स्टँडर्ड (व्हॅल्यू आधीच माहीत असलेला तपासणीचा नमुना) चालवून त्याचे आकडे रिपोर्टमध्ये देतात ते मला फार आवडलं.

दोन्ही खनिजं एकाच वेळी, समतोलात वाढली का हे मात्र लॅब सांगणार नाही, ते पॉलिश सेक्शन (खडकाचा घासून चकचकीत केलेला तुकडा) मायक्रोस्कोपखाली बघून आपणच ठरवायचं. समतोलात स्फॅलेराइटची डेल्टा व्हॅल्यू जास्त असते, त्यामुळे गॅलिनाची जास्त आली तर ती जोडी सरळ बाजूला ठेवा. रिपोर्ट यायला वेळ लागतो, फोनही पटकन उचलत नाहीत, थीसिसची डेडलाइन असेल तर लवकर पाठवा. पाचपैकी चार स्टार.