वार्षिक परिषद की जागतिक परिषद : कोकणातून प्रतिनिधी पाठवण्यापूर्वी

परदेशातील मेथडिस्ट (एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) परिषदेला आपल्या मंडळीतून, म्हणजे स्थानिक चर्चमधून, कोणाला तरी पाठवावे, असा विषय पंचांच्या सभेत निघाला की पहिल्या पाच मिनिटांत चर्चा विमानाच्या भाड्यावर येते आणि तेथेच अडकते. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या लहानशा मंडळीतही तसेच झाले. उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या, सणात नारळ, सुपारी, काजू आणि दोन कोंबडे यांच्या लिलावातून जमलेल्या पैशांत ज्येष्ठांनी आपापली भर घातल्यावर एका माणसाचा खर्च निघेल एवढी रक्कम उभी राहिली. मात्र त्या माणसाने नेमके कोठे जावे, यावरून दोन तट पडले. एका तटाला ब्रिटनमधील मेथडिस्ट चर्चची वार्षिक परिषद हवी होती, तर दुसऱ्याला जागतिक मेथडिस्ट परिषद. काही वर्षांपूर्वी मी ब्रिटनच्या परिषदेला अतिथी म्हणून बसून आलो असल्यामुळे दोन्हींची टिपणे काढण्याचे काम माझ्याकडे आले. तीच टिपणे येथे थोडी विस्ताराने मांडली आहेत.

आधी एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. ‘आपण मुळात मेथडिस्ट आहोत कोठे?’ असे आमच्या एका ज्येष्ठ पंचांनी विचारले, आणि प्रश्न रास्तच होता. कोकणातील प्रॉटेस्टंट काम सुरू केले ते १८२३ साली बाणकोट आणि हर्णै येथे आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी, आणि ते प्रेस्बिटेरियन या वेगळ्या प्रॉटेस्टंट परंपरेचे होते. पण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळ्या त्या ऐक्यात सामील झाल्या. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली आणि आज ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने काम करते. दोन्ही चर्चेस जागतिक परिषद भरवणाऱ्या जागतिक मेथडिस्ट काउन्सिल या संघटनेच्या सभासद आहेत, तेव्हा जागतिक परिषदेचे दार दोघांनाही उघडे आहे. ब्रिटनच्या परिषदेचे तसे नाही. तेथे परदेशी पाहुणे भागीदार चर्चच्या वतीने येतात, म्हणून ज्यांची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे त्यांना तो रस्ता अधिक सरळ पडतो. कोणताही रस्ता धरला तरी निमंत्रण आपल्या बिशपांच्या कार्यालयातून पडताळून घ्यावे. कोठून तरी ईमेलवर आलेल्या आकर्षक निमंत्रणाच्या भरवशावर मंडळीचे पैसे हलवू नयेत.

या दोन परिषदांची नावे सारखी असली तरी जात वेगळी आहे, आणि निवडीचा सारा कस याच ठिकाणी लागतो. ब्रिटनची परिषद ही निर्णय घेणारी सभा आहे. २५ जून १७४४ रोजी लंडनमध्ये, तोफा ओतण्याच्या एका जुन्या कारखान्याचे प्रार्थनास्थळ केलेल्या ‘फाउंडरी’त, मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी दहा माणसांची पहिली बैठक घेतली. तिच्यापुढे प्रश्न तीनच होते : काय शिकवायचे, कसे शिकवायचे आणि काय करायचे. आजही जूनच्या अखेरीपासून जुलैच्या आरंभापर्यंत ही परिषद दरवर्षी भरते. २०२३ साली ती बर्मिंगहॅमला, २०२४ साली लीड्सला आणि २०२५ साली टेलफर्डला झाली. तिचा अध्यक्ष एकाच वर्षासाठी असतो आणि दरवर्षी नवा निवडला जातो, ही गोष्ट वर्षानुवर्षे त्याच खुर्चीवर तोच माणूस पाहण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या डोळ्यांना विशेष जाणवते. स्थानिक सर्किट (जवळच्या मंडळ्यांचे गट) आणि सिनॉड (विभागाच्या सभा) यांनी पाठवलेली निवेदने परिषदेसमोर येतात आणि त्यांना उत्तर द्यावेच लागते.

मी गेलो त्या वर्षी इमारतींच्या देखभालीवरील एका अहवालावर तासभर चर्चा चालली होती. एक वयस्कर बाई हळूहळू चालत ध्वनिक्षेपकापाशी आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या की, आमच्या मंडळीत अकरा माणसे आहेत, छत गळते आहे, आणि या अहवालातल्या कोणत्या परिच्छेदात आमचे छत आहे तेवढे सांगा. सभागृह हसले, पण अहवाल मांडणाऱ्या गृहस्थांना उभे राहून उत्तर द्यावे लागले आणि ते नोंदवलेही गेले. कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवून उपासना केलेल्या माणसाला ते दृश्य विसरता येत नाही. अतिथीला तेथे मत नसते. तो केवळ पाहतो आणि ऐकतो. परंतु हिशेब कसा मांडतात, विरोध कोणत्या शब्दांत नोंदवतात आणि हरलेला पक्ष त्याच संध्याकाळी प्रभुभोजनाला शेजारी कसा बसतो, हे पाहण्यासारखे असते.

जागतिक परिषद कायदे करत नाही. १८८१ साली लंडनमध्ये पहिली परिषद भरली. त्यानंतर ती साधारणपणे दर दहा वर्षांनी आणि १९५१ पासून दर पाच वर्षांनी भरत आली आहे. आशियात ती १९९१ साली सिंगापूरला आणि २००६ साली सोलला झाली. २०१६ च्या ह्यूस्टननंतरची परिषद कोविडमुळे पुढे ढकलली जाऊन थेट ऑगस्ट २०२४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झाली. सुमारे ऐंशी सभासद चर्चेसमधून लोक येतात. उपासना, बायबल अभ्यास, व्याख्याने आणि गटचर्चा असा बहुतेक कार्यक्रम असतो, आणि नावनोंदणीचे शुल्क भरून सामान्य सभासदही जाऊ शकतो. येथे काहीच घडत नाही असे मात्र नाही. विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर कॅथलिक आणि लूथरन यांनी १९९९ साली जे संयुक्त निवेदन केले होते, त्यात मेथडिस्टांनी आपली सहमती नोंदवली ती सोलच्याच परिषदेत. गोथेनबर्गची यजमान चर्चही आपल्यासाठी लक्षणीय आहे, कारण बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आणि मिशन कव्हनंट या तीन चर्चेसच्या ऐक्यातून ती २०११ साली उभी राहिली. ऐक्यानंतर जमिनी, नावे आणि जुने अभिमान यांचे काय होते, हा विषय तेथील माणसाशी काढला तर आपल्याला परके वाटण्याचे कारण उरत नाही.

अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चची जनरल कॉन्फरन्स मी या तुलनेतून लवकरच बाहेर काढली. ती त्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींची सभा आहे. २०२४ साली शार्लट येथे ती २३ एप्रिल ते ३ मे अशी चालली, म्हणजे ऐन हापूसच्या हंगामात, आणि आमच्या मंडळीतील ज्या दोघांना जाण्यासारखे होते ते दोघेही बागायतदार आहेत.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण कोकणी माणसाची खरी अडचण तेथे आहे. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाले होते आणि अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. स्वीडनसह युरोपातील बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज सहा महिने आधी करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. शुल्क ब्रिटनचे जास्त; पण तयारीला मोकळा वेळ मिळतो तो शेंगेनमध्ये, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. दोन्हींकडे अधिकाऱ्याला एकाच गोष्टीची खात्री हवी असते, ती म्हणजे हा माणूस परत येईल. आपल्याकडे याचा पुरावा म्हणजे सातबारा, आणि आपल्या सातबाऱ्यावर आजोबांच्या भावांपासून मुंबईच्या चुलत्यांपर्यंत पंचवीस नावे सामाईक. त्यातला आपला हिस्सा कोणता, हे तलाठ्यालाही सांगता येत नाही, तेथे परक्या अधिकाऱ्याने काय समजावे? म्हणून सातबाऱ्याचे प्रमाणित भाषांतर जोडावेच, पण सोबत वहिवाट, घरपट्टी आणि कुटुंबाची माहिती देणारे एक पानभर पत्रही लिहावे. बागायतदाराच्या पासबुकात मे महिन्यात एकदम मोठी रक्कम जमा झालेली दिसते, जी अर्जासाठी उसनी भरल्यासारखी वाटते. तिचे स्पष्टीकरण आंब्याच्या विक्रीच्या पावत्यांसह आधीच द्यावे. माझ्या वेळी निमंत्रणपत्रात आडनावाचे एक अक्षर पासपोर्टपेक्षा वेगळे पडले होते आणि ते दुरुस्त होऊन येईपर्यंत अकरा दिवस गेले.

शासकीय सेवेत असलेल्यांसाठी आणखी एक अट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. परदेशी चर्च जर प्रवासाचा किंवा राहण्याचा खर्च करणार असेल, तर परकीय योगदान कायद्याच्या २०१० च्या तरतुदींनुसार केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते आणि तिचा अर्ज किमान दोन आठवडे आधी करावा लागतो. खात्याची रजा आणि ना हरकत दाखला याहून निराळा. खर्च मंडळीने स्वतः केला तर या परवानगीचा प्रश्न येत नाही, आणि आमच्याकडील एका सरकारी कर्मचारी बाईंच्या बाबतीत आम्ही तोच मार्ग सुचवला.

हंगामाच्या दृष्टीने पाहता ब्रिटनची परिषद आपल्याला अवघड पडते. जूनच्या अखेरीस लावणीची घाई असते, कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागलेले असते आणि गाड्या सावकाश धावत असतात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला तेव्हा रेल्वे बंद पडली होती आणि महामार्गही बंद होता, हे लक्षात ठेवून विमानाच्या आदल्या दिवशी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठण्याचा विचारही करू नये. ऑगस्टमधील परिषदेला पाऊस थोडा उतरलेला असतो, पण गणपतीच्या गर्दीत परतीचे तिकीट मिळत नाही. (भेट म्हणून काय न्यावे असा प्रश्न हमखास येतो. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय युरोपीय संघात नेता येणाऱ्या पाच फळांत नारळ आहे, आंबा नाही. तेव्हा घरचा नारळ न्यावा.)

परतल्यावर काय विचारले जाईल, याचाही विचार आधी करावा. ब्रिटनच्या परिषदेने २०२१ साली समलिंगी विवाहांना आपल्या चर्चमध्ये परवानगी दिली. आमच्या मंडळीत याविषयी तीव्र मते आहेत, आणि तेथून आलेल्या माणसाला पहिल्या रविवारी छताऐवजी हाच प्रश्न विचारला जाईल. जागतिक परिषदेत या विषयावर परस्परविरोधी भूमिकेच्या चर्चेस एकाच सभागृहात बसतात, पण ठराव होत नसल्यामुळे प्रतिनिधीला कोणाच्या निर्णयाचे समर्थन करण्याची पाळी येत नाही. जो माणूस वाद ऐकून घेऊन शांतपणे मांडू शकत नाही, त्याला ब्रिटनला पाठवू नये, असे मी पंचांना स्पष्ट सांगितले.

घरी बसून पाहण्याचा पर्यायही खरा आहे. ब्रिटनच्या परिषदेचे कामकाज थेट प्रक्षेपित होते, आणि त्या दिवसांत तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्याने सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले दुपारचे दोन. लावणीच्या दिवसांत हे सोयीचे नसले, तरी खर्च शून्य. निर्णयप्रक्रिया समजून घेणे एवढाच हेतू असेल, तर हे पुरते. जागतिक परिषदेचा गाभा मात्र पडद्यावर येत नाही. घानाच्या गटाशेजारी उभे राहून गाणे हे घरून होत नाही.

म्हणून माझे मत असे पडले : पहिल्यांदाच बाहेर जाणाऱ्या तरुणासाठी किंवा महिला मंडळाच्या कार्यकर्तीसाठी जागतिक परिषद, आणि खजिनदार, सचिव किंवा सिनॉडवर जाणाऱ्या माणसासाठी ब्रिटन. आमच्याकडे छत, हिशेब आणि जमिनीचा जुना वाद हे तीन विषय सध्या लोंबकळत असल्याने पंचांनी खजिनदारांना ब्रिटनला पाठवण्याचे ठरवले, आणि घानाच्या गाण्यासाठी पुढच्या उपकारस्तुतीपासून वेगळा फंड काढला. खजिनदारांच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावे निघाली. पत्र दोन पानांचे झाले. कोकणकन्येचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते त्याच सकाळी आम्ही त्यांचे तिकीट काढणार आहोत, विमानाच्या तीन दिवस आधीचे.